तरतूद कोणाची? ब्रिस्टल ते केडगाव

आपल्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते. पाऊस लांबला, कर्जाचा हप्ता डोक्यावर आला, मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरायचे राहिले, की कोणीतरी उसासा टाकून म्हणते, "देव बघून घेईल." आणि तिच्या शेजारची लगेच म्हणते, "हो बाई, दे रे हरी खाटल्यावरी!" सगळ्या हसतात आणि वही पुढे सरकते. आमच्या गटांमध्ये वारीला जाणाऱ्या आहेत, विहारात जाणाऱ्या आहेत, दर्ग्यावर चादर चढवणाऱ्या आहेत, रविवारी चर्चला जाणाऱ्याही आहेत. या चर्चवाल्या बहिणी एक वेगळा शब्द वापरतात. त्या म्हणतात, "देव तरतूद करील."

तरतूद हा शब्द आपल्याला ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातून माहीत. देवाच्या बाबतीत तो कसा आला, असे आम्हाला वाटले. म्हणून आज त्या शब्दाचा इतिहास आपण पाहणार आहोत. तो बराच लांबून फिरून येतो आणि शेवटी आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला येऊन थांबतो.

इंग्रजीत याला प्रॉव्हिडन्स म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आधी पाहणे, पुढचे पाहणे. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रात अब्राहामाची गोष्ट आहे. तो देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाचा बळी द्यायला डोंगरावर जातो. ऐन वेळी देव त्याचा हात थांबवतो, आणि झुडपात शिंगे अडकलेला एक मेंढा त्याला दिसतो. मुलाच्या जागी तो मेंढा अर्पण होतो. त्या जागेला अब्राहामाने जे नाव दिले, त्याचा अर्थ "परमेश्वर पाहून देईल" असा होतो. म्हणजे पाहणे आणि पुरवणे हे दोन्ही तिथे एकाच शब्दात आहे. आपणही घरातल्या वडीलधाऱ्या बाईला म्हणतोच ना, "आत्याबाई, तुम्ही बघा हं जेवणाचं." बघा म्हणजे नुसते डोळ्यांनी बघा असे नव्हे.

पुढे मोठमोठ्या पंडितांनी यावर ग्रंथ लिहिले. जिनिव्हाच्या कॅल्व्हिन यांचा मोठा ग्रंथ १५३६ मध्ये पहिल्यांदा छापला आणि १५५९ पर्यंत ते त्यात भर घालत राहिले. जगात काहीच योगायोगाने घडत नाही, सगळे देवाच्या हातात आहे, असे त्यांचे म्हणणे. मग कोणी विचारील, सगळे त्याच्या हातात आहे तर आम्ही औषध कशाला घ्यायचे, संकटापासून जपायचे कशाला? कॅल्व्हिन यांनी याचे उत्तर दिले आहे. ज्या देवाने तुमचे आयुष्य ठरवले, त्यानेच ते जपण्याची अक्कल आणि साधनेही दिली. औषध हीसुद्धा त्याचीच तरतूद. ती नाकारून देवावर विसंबलो असे म्हणू नये. म्हणजे खाटल्यावर पडून राहण्याची सोय या शिकवणीतही नव्हती.

पंडितांचे इतके पुरे. आपल्याला पाहायचे आहे ते हा शब्द घेऊन माणसे जगली कशी.

जॉर्ज म्युलर हे मूळचे जर्मनीकडचे, प्रशियातले. जन्म १८०५ चा. तरुणपणी उधळे होते, चोरीही केलेली. पुढे पालटले, इंग्लंडला आले आणि १८३२ पासून ब्रिस्टल शहरात राहिले. ते कॉलऱ्याचे वर्ष होते. त्या काळातल्या इंग्लंडमध्ये अनाथ मुलांना धड जागा नव्हती. नशिबात असेल तर नातेवाईक, नाहीतर सरकारी दरिद्रालय, नाहीतर रस्ता. १८३६ मध्ये म्युलर यांनी विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात तीस मुलींसाठी अनाथगृह काढले. पुढे मुलगेही आले, घरे वाढली.

त्यांनी एक अवघड नेम केला. पैसे कोणाकडे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे. आणि कर्ज काढायचे नाही, उधारीवर काही घ्यायचे नाही. पाव असो की दूध, रोख असेल तर घ्यायचे.

आपण बचत गटवाल्या, आपल्याला हे ऐकून धस्सच होते. शंभर मुले आणि उधारी नाही! १८३८ साली तर असे दिवस आले की सकाळी हातात काही नाही आणि दुपारच्या जेवणाला काय हा प्रश्न. म्युलर यांनी हे सगळे दिवस लिहून ठेवले आहेत. त्यातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली नोंद चमत्काराची नाही. त्यांनी सोबत काम करणाऱ्या मंडळींना एकत्र बसवले आणि तिजोरीत काय आहे, काय नाही ते उघड सांगितले. हे कळल्यावर त्या मंडळींनी आपल्या पदरचे पैसे काढून दिले. त्या काळात मुलांची जेवणे चालली त्यात या लोकांचा वाटा मोठा होता. बाहेरच्यांना मात्र कोणी काही बोलायचे नाही, असे ठरलेले.

आता कोणी म्हणेल, मागत नव्हते तर लोकांना कळायचे कसे? कळायचे, कारण म्युलर दरवर्षी जाहीर हिशेब छापत. आलेली प्रत्येक रक्कम, गेलेली प्रत्येक रक्कम. देणाऱ्याचे नाव छापत नसत. लोक तो अहवाल वाचत आणि पैसे पाठवत. काही टीकाकारांनी तेव्हाच म्हटले, अहवाल छापणे म्हणजे वेगळ्या वाटेने मागणेच. आम्हालाही त्यात थोडे तथ्य वाटते. पण १८४१ च्या डिसेंबरात चणचण असताना त्यांनी मुद्दाम वार्षिक सभा आणि अहवाल पुढे ढकलला, म्हणजे कोणी याला भीक म्हणू नये. असा हट्टी माणूस होता तो! ज्यांच्या गटाची लेखापुस्तिका महिनोन्‌महिने कोरी असते त्यांनी हे जरा मनावर घ्यावे. असो, बोलून गेलो.

१८४५ मध्ये विल्सन स्ट्रीटच्या शेजाऱ्यांनी मुलांच्या गोंगाटाची तक्रार केली. म्युलर यांना ती पटली आणि त्यांनी शहराबाहेर स्वतःचे घर बांधायचे ठरवले. ॲशली डाउन नावाच्या टेकाडावर जागा पाहिली. भाव एकरी दोनशे पौंड. मालकाला भेटायला गेले तर तो घरी नाही, दुकानातही नाही. म्युलर परत आले. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, मला पहाटे तीनला जाग आली, पाच वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही, तुमच्या अनाथगृहाचाच विचार. मी एकरी एकशेवीसने देतो. म्युलर यांनी याला देवाची तरतूद म्हटले. आपल्यातली एखादी म्हणेल, त्याच्या मनाने घेतले. दोन्ही बोलणी आपापल्या जागी. जमीन मात्र मिळाली. आणि बांधकाम सुरू केले ते पैसे हातात आल्यावरच. जून १८४९ मध्ये तीनशे मुलांचे पहिले घर उघडले. १८७० पर्यंत अशी पाच घरे झाली, दोन हजारांवर मुलांची सोय. १८९८ मध्ये म्युलर वारले, तोवर दहा हजारांच्या आसपास मुले त्यांच्या घरांतून वाढली. शिक्षण इतके चांगले की गरिबाच्या पोरांना त्यांच्या पायरीच्या वर चढवता म्हणून लोक नावे ठेवत. हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. म्युलर यांनी स्वच्छ लिहिले आहे की अनाथगृह काढण्याचा पहिला हेतू देव जिवंत आहे आणि प्रार्थना ऐकतो हे जगाला दाखवणे हा होता. मुलांचे पोट हे त्यानंतरचे. मुले म्हणजे पुरावा झाली की काय? पण ज्या मुलीला तिथे ऊब आणि अक्षर मिळाले, तिने हा प्रश्न विचारला असता का, तेही आम्हाला सांगता येत नाही.

आता याच काळातली दुसरी बाजू. म्युलर यांचे घर उभे राहत होते तीच वर्षे, १८४५ ते १८४९, शेजारच्या आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. तिथला गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता. सुमारे दहा लाख माणसे उपासाने आणि तापाने मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. बोटीत भरून धान्य मात्र आयर्लंडबाहेर जातच होते. मदतीचा कारभार लंडनच्या खजिन्यातले चार्ल्स ट्रेव्हेल्यन पाहत होते. १८४८ मध्ये त्यांनी या दुष्काळावर पुस्तक लिहिले. त्यात हाच शब्द आहे, प्रॉव्हिडन्स. शहाण्या आणि दयाळू देवाने त्या देशाची घडी बसवण्यासाठी हा तडाखा दिला, असा त्यांचा सूर. लोकांना फुकट देऊन आळशी करू नये, बाजारात हात घालू नये, ही त्यांची कारभाराची रीत. त्याच वर्षी त्यांना सरदारकी मिळाली. पुढे हेच गृहस्थ १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर म्हणून आपल्या देशात आले.

बायांनो, इथे जरा थांबू या. शब्द तोच, देव तोच, राणीही तीच. एकजण म्हणतो, देव देईल, म्हणून मी मुले घरात घेतो. दुसरा म्हणतो, देवानेच काढून घेतले, म्हणून मी हात आखडता घेतो. आम्हाला वाटते, खरा फरक बोलणाऱ्याच्या पोटाचा आहे. उपाशी बाई स्वतःपुरते "देवाची मर्जी" म्हणते तेव्हा तिला त्यातून उभे राहायला बळ मिळते. भरल्या पोटाचा अधिकारी दुसऱ्याच्या उपासाला "देवाची मर्जी" म्हणतो तेव्हा तो आपली जबाबदारी देवाच्या खात्यावर टाकत असतो. रेशन दुकानातून "नशीब तुमचं" ऐकून परत आलेल्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता केडगाव. पंडिता रमाबाईंचे नाव आपण ऐकलेले आहे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आधी बायकोला संस्कृत शिकवले, आईने मग रमाबाईंना. हे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरे. दक्षिणेत दुष्काळात ते सापडले. जवळचे सगळे दानधर्मात आणि पोटात संपले, भांडी विकली. अकरा दिवस आणि रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढल्याचे रमाबाईंनी लिहिले आहे. आधी वडील गेले, मग काही आठवड्यांनी आई. आई तापाने पडली असताना बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई एका घरी गेल्या, तर शरमेने जीभच उचलेना. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे पुरेनात. रमाबाई ठेंगण्या, म्हणून त्यांनी तिरडीची एक बाजू डोक्यावर घेतली, आणि तसे तीन मैल चालल्या. नंतर थोरली बहीणही गेली. भाऊ आणि त्या, दोघेच चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटले. भाऊ वारला, लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. वय अवघे तेवीस.

इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत फिरून विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली, तिथल्या मंडळींनी दहा वर्षे पैसे द्यायचे कबूल केले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९३ मध्ये तिथल्या काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे म्हणून मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, केसरीने झोडपले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. ही गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही, कारण आजही रमाबाईंचे नाव काढले की हा वाद निघतो. आपले मत ज्याचे त्याने ठेवावे.

त्या काळात रमाबाईंच्या वाचनात म्युलर यांची हकिकत आली. माणसाकडे न मागता इतकी मुले पोसली, हे इंग्लंडात जमले. हिंदुस्थानात असे कोणी करून दाखवले तर, असे त्यांना वाटले. मग त्यांच्याच मनाने विचारले, तूच का करत नाहीस? १८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका धार्मिक शिबिरात त्यांनी आपल्याकडच्या ख्रिस्ती झालेल्या पंधराजणींची मोजणी केली आणि पंधराच्या पंधरापट, म्हणजे सव्वादोनशे होवोत, अशी प्रार्थना केली. सदनात तेव्हा पन्नासेक मुली. जागा नाही, पैसा नाही. हिशेबाने पाहिले तर वेडच.

त्याच वर्षी पाऊस पडला नाही. मध्य प्रांतात दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरू लागली. रमाबाईंनी बातम्या वाचल्या आणि ते अकरा दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या. दरिद्रालये पाहिली, मदतीच्या छावण्या पाहिल्या. उपाशी मुलींना पळवून नेणारे दलाल तिथे हिंडत होते. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. केस जटा झालेले, अंगावर फोड, कित्येकींना बोलण्याचे त्राण नाही. आणि इकडे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग! शहरात नवीन माणसे ठेवायची नाहीत असा सरकारी हुकूम.

आता तरतूद या शब्दाचा लॅटिन अर्थ आठवा, आधी पाहणे. अमेरिकेची दहा वर्षांची मदत संपेल, तेव्हा पोट कशावर भरायचे, याचा विचार करून रमाबाईंनी दोन-तीन वर्षे आधीच पुण्यापासून चौतीस मैलांवर, केडगाव स्टेशनाजवळ शंभरेक एकर माळरान घेतले होते. फळबाग लावायची, विहिरी खणायच्या, त्यावर सदन चालवायचे. बागेने तोवर पैसा दिला नव्हता, पण पाय ठेवायला जागा होती. दुष्काळातल्या मुली तिथे आल्या, तात्पुरत्या छपरांखाली राहिल्या. तेच मुक्ती सदन. रमाबाई म्हणत, ही देवाची तरतूद. आम्ही म्हणतो, खरेदीखत बाईच्या डोक्यातून निघाले. कॅल्व्हिन यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, यात भांडण कुठे आहे?

१८९९-१९०० ला पुन्हा दुष्काळ, गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात. रमाबाईंच्या बायका गुजरातेतून मुली घेऊन आल्या. केडगावात दीड हजारांहून जास्त तोंडे झाली. रमाबाई लोकांकडे झोळी घेऊन गेल्या नाहीत, पण पत्रके काढत राहिल्या, काय चालले आहे ते इंग्रजीतून देशोदेशी कळवत राहिल्या. पैसे येत गेले. मागणे आणि कळवणे यात जी बारीक रेघ आहे, ती म्युलर यांच्यासारखीच त्यांनी ओढली होती.

आणि काम! कोणीही बसून खायचे नाही. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, धुलाई, शेती, स्वयंपाक. आंधळ्या मुलींसाठी शाळा, तिथे बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवत. आणि छापखाना. टाइप जुळवण्यापासून यंत्र चालवण्यापर्यंत बायकाच. शंभर वर्षांपूर्वी दौंडच्या माळावर बायका छापखाना चालवत होत्या, हे शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवे होते.

सगळ्या वाचल्या का? नाही. कित्येक मुली आणल्यावरही मेल्या, भुकेने शरीर इतके पोखरले होते. आमच्या एका ताईने हे ऐकून विचारले, मग त्यांच्या वाट्याची तरतूद कुठे गेली? ख्रिस्ती पंडितांनी या प्रश्नावर शेकडो वर्षे डोके फोडले आहे. कोणी म्हणाले, देवाचा हेतू माणसाला दिसत नाही. कोणी म्हणाले, देव दुःख देत नाही, दुःखात सोबत राहतो. ताईला यातले एकही उत्तर पटले नाही, आणि आम्हीही तिला गप्प केले नाही. रमाबाईंनी स्वतः आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा यांना जाताना पाहिले. १९२१ मध्ये मनोरमाही गेल्या, रमाबाईंच्या डोळ्यांदेखत. तरी त्यांचा विश्वास सुटला नाही. तो कशावर टिकला हे वाचून कळते असे म्हणवत नाही.

शेवटची बरीच वर्षे त्या एकाच कामात होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. आधीची भाषांतरे संस्कृत शब्दांनी भरलेली, खेड्यातल्या बाईला न कळणारी, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईला लहानपणापासून संस्कृत पाठ, तिने ते बाजूला ठेवून शेतात राबणाऱ्या बाईला कळेल असे वाक्य शोधत बसावे! १९२२ मध्ये काम पुरे झाले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला, मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून.

केडगावला रेल्वेने जाता येते. मुक्ती मिशनचे काम आजही तिथे सुरू आहे. पुढच्या महिन्यात तालुक्यातले तीन-चार गट मिळून तिथे जायचे घाटत आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवाकडे नाव द्यावे, आणि तिकिटाचे पैसे आगाऊ जमा करावेत. ऐन वेळची उधारी चालणार नाही.